सांजेची फेरी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवस मावळल्यावर स्कूटरला हात लावायचा नाही. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता आणि ऑपरेशनला अजून वेळ होता. समोरून ट्रक आला की त्याचा उजेड डोळ्यांत फुटायचा, रस्त्याची कड दिसेनाशी व्हायची. मला ते ठाऊक होतं. कोणी सांगेपर्यंत मी तशीच चालवत राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सहाला ऑफिस सुटलं तशी डिचोलीच्या स्टँडवर गेले, सांखळीची गाडी पकडली. सांखळीला उतरून आमच्या गावची सव्वासातची गाडी कुठे लागते ते एका शेंगदाणेवाल्याला विचारलं. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला.

"ती गाडी आतां खंय, बाय? बंद जावन दोन वर्सां जालीं."

दोन वर्षं. आमचं घर गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या एका गावात, रस्त्याला लागून आहे. सांखळीहून सुटलेली ती गाडी पावणेआठच्या सुमारास आमच्या दारावरून वर देवळापर्यंत जायची, तिथे वळायची, आणि उतरताना तिचे दिवे आमच्या ओसरीच्या भिंतीवरून सरकत जायचे. ते दिवे दोन वर्षं भिंतीवर पडले नव्हते आणि माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. त्याच गाडीने मी शिकले, नोकरीला लागले. मग स्कूटर घेतली आणि गाडीकडे बघायचं सोडलं. भाच्याला फोन करून बोलावलं, त्याच्या मागे बसून नऊ किलोमीटर घरी आले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आजी बसला मरेपर्यंत 'कारेर' म्हणाली. पोर्तुगीज अमदानीतला शब्द. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, म्हणून ती पहाटे टोपली घेऊन रस्त्यावर उभी राहायची. भेंडे, दोडकी, अळसांदे, जे असेल ते. चवथीच्या आधी तर टपावर जागा उरत नसे, कारण माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळाफुलांच्या छताला, लागणारं सगळं आमच्या रानातून म्हापशाला जायचं: कांगलां, आंबाडे, फागलां, तवशी, नारळाच्या पेंडी. कंडक्टर टोपलीचे वेगळे पैसे मागायचा आणि आजी त्याच्याशी होंड्यापर्यंत घासाघीस करायची. उतरताना त्याच्या हातावर दोन तवशी ठेवायची. संध्याकाळी रिकाम्या टोपलीत मीठ, सुकी मासळी आणि आमच्यासाठी काही तरी गोड घेऊन त्याच शेवटच्या गाडीने परत.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. १९७८-७९ मध्ये गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी बसच्या तिकिटात ५० टक्के सवलत मागितली तेव्हा तो म्हापशाला कॉलेजात होता. हे आंदोलन आमच्या पिढीला गोष्टीसारखं माहीत आहे: मोर्चे, बंद पडलेली कॉलेजं, पोलिसांच्या लाठ्या. दादा त्याबद्दल फार बोलत नाही. त्याच्या पोटरीवर एक वण आहे, तो कशाचा ते मी एकदाच विचारलं आणि त्याने विषय बदलला. पण सवलत मिळाली. त्यानंतर लगेच, १९८० मध्ये कदंब महामंडळ उभं राहिलं आणि कदंब राजांचा सिंह अंगावर घेऊन गोव्याच्या रस्त्यांवर सरकारी गाड्या धावायला लागल्या. मी तेव्हा बारा वर्षांची. पुढे मी कॉलेजला गेले ती त्या अर्ध्या तिकिटावर. पूर्ण तिकीट असतं तर दहावीनंतर तुला घरी बसवली असती, हे बाबांनी एकदा सुपारी सोलता सोलता सहज सांगितलं होतं. त्यांच्या आवाजात ना खंत होती ना लाज. चार मुलांचा हिशेब त्यांनी कसा घातला असता, एवढंच ते सांगत होते.

म्हणून त्या रात्री मी जेवले नाही तेव्हा दादाच्या लगेच लक्षात आलं. त्याने विचारलं, "गाडी बंद झाली तेव्हा गावातून कोणी काही विचारलं का?"

कोणीच विचारलं नव्हतं. पहिले काही दिवस लोक थांब्यावर उभे राहिले, मग वळून गेले. ज्यांच्याकडे दुचाकी होती त्यांना कळलंही नाही. ज्यांच्याकडे नव्हती ते संध्याकाळी बाहेर पडायचे बंद झाले. दादाने भाच्याची एक जुनी दोनशेपानी वही काढली, वापरलेली पानं फाडली आणि म्हणाला, "चल, विचारूया."

पहिले दोन आठवडे आम्ही फक्त मोजलं. दादा सकाळी, मी सुट्टीच्या दिवशी, वहिनी मधल्या वेळेत. कुठली गाडी किती वाजता आली, किती चढले, किती उतरले. वहीची पहिली पंधरा पानं बघून मी खचले. दुपारच्या एका फेरीला तर तीन माणसं होती. सकाळची गाडीसुद्धा पूर्वीसारखी भरत नव्हती, कारण शाळेची मुलं आता बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, जातात. बालरथ चांगलाच आहे, पोरं वेळेवर आणि सुखरूप पोचतात. पण मुलांच्या पासांवर ज्या फेऱ्या निघायच्या त्या त्यामुळे उघड्या पडल्या, आणि त्याची भरपाई कोणी केली नाही. ही वही घेऊन कुठल्याही कार्यालयात गेलो असतो तर उत्तर ठरलेलं होतं: प्रवासीच नाहीत तर गाडी कशाला?

वहिनी भाकऱ्या भाजत होती. तिने मान वर न करता विचारलं, "जी माणसं थांब्यावर येत नाहीत ती कोण लिहिणार?"

वहीचं दुसरं अर्ध तिच्या त्या एका प्रश्नातून भरलं. आम्ही चारही वाड्यांवर घरोघर फिरलो. पाच रकाने केले होते. कोण, कुठे जायचं असतं, किती वाजता परतायचं असतं, आता कसे जाता. पाचवा रकाना वहिनीने सुचवला आणि मला तो लिहिताना सगळ्यात जड गेला: काय सोडून दिलं?

पहिल्या चार रकान्यांना लोक पटकन उत्तरं द्यायचे. पाचव्याला थांबायचे. एक बाई हसल्या, म्हणाल्या, "सोडलं असं काही नाही," आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेल्या. बाहेर आल्या त्या सांगतच आल्या. आजीसारख्याच त्या शुक्रवारी म्हापशाला भाजी घेऊन जातात. पूर्वी सगळी भाजी विकून शेवटच्या गाडीने यायच्या. आता सांखळीहून सुटणारी साडेपाचची गाडी चुकली तर घर गाठता येत नाही, म्हणून चार वाजता जे उरेल ते व्यापाऱ्याला अर्ध्या भावाने देऊन निघावं लागतं. बाजाराला खरी गर्दी कामावरून सुटलेल्या माणसांची, ती चारनंतर येते. व्यापाऱ्याला हे माहीत असतं. तो साडेतीनपासून त्यांच्या टोपलीभोवती घुटमळतो.

वरच्या वाड्यावर एका मुलीने सांखळीतला कॉम्प्युटरचा वर्ग सोडला होता. सहा ते सात वर्ग. वडील पहिले दोन महिने आणायला गेले, मग त्यांची रात्रपाळी सुरू झाली. मधुमेह असलेल्या एक काकी दर महिन्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात. पहाटे निघतात, पण केस पेपर, रांग, रक्त, पुन्हा रांग, यात तीन वाजले की त्यांचा जीव घाबरा होतो. दोनदा डॉक्टरांना न भेटताच परत आल्या. एरवी सांखळीहून रिक्षा, आणि रिक्षावाला परत रिकामा यायचं म्हणून दुप्पट घेतो. कुंडईच्या कारखान्यात जाणाऱ्या दोघी जावा कोणाच्या तरी मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून येतात. एका आजोबांनी नाटकाच्या तालमी सोडल्या. चाळीस वर्षं ते जत्रेच्या नाटकात उभे राहिले, तालीम शेजारच्या गावात, सातनंतर. "आता पोरांना सांगायला नको वाटतं, मला सोड, मला आण," म्हणाले. त्यांच्या नावापुढे मी 'तालीम' एवढंच लिहिलं. माझ्याच्याने पुढे लिहवेना.

आणि एका घरात सोळा वर्षांचा मुलगा. शिकवणीला स्कूटर घेऊन जातो, लायसन्स नाही. आई म्हणाली, "भिवपाचें न्हय, सगळेच वतात." घाबरायचं नाही, सगळेच जातात. गोव्याच्या रस्त्यांवर दरवर्षी दोनशेहून अधिक माणसं अपघातात जातात आणि त्यांत बहुतेक दुचाकीवरची असतात. मी तिला हे सांगितलं नाही. गाडी नसताना ते सांगून मी तिच्या हातात काय देणार होते?

बेळगावची मावसबहीण चोर्ल्याच्या घाटाने येते. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना सरकारी बस फुकट आहे, महाराष्ट्रात त्याच वर्षी मार्चपासून एसटीत अर्धं तिकीट. ती मला विचारते, "तुमच्याकडे का नाही मागत?" मागायला हवं, मलाही वाटतं. पण आमच्या वहीत तिकीट महाग म्हणून घरी बसलेलं माणूस एकही निघालं नाही. तिकिटाला पैसे द्यायला सगळे तयार होते. त्यांना गाडी हवी होती, आणि ती येणार याची खात्री हवी होती.

माहिती अधिकाराचा अर्ज दादाने लिहिला. २००५ च्या कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आम्ही आमच्या मार्गाचं मंजूर वेळापत्रक मागितलं होतं. ते आलं तेव्हा आम्ही दोघं ओसरीवर बसून बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिलो. कागदावर सव्वासातची फेरी होती. ती कधी रद्दच झाली नव्हती. दोन वर्षं ती कागदावर रोज सांखळीहून सुटत होती आणि रोज आमच्या देवळापाशी पोचत होती.

मग दादाने कायदा मिळवून वाचला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ७२व्या कलमात प्रवासी बसच्या परमिटला घालायच्या अटी आहेत. वेळापत्रक आणि भाडेपत्रक गाडीत आणि ठरलेल्या थांब्यांवर लावावं, ठरवून दिलेल्या फरकाच्या आतच गाडी चालवावी, अशा अटी परिवहन प्राधिकरण घालू शकतं. ८६व्या कलमाप्रमाणे अटी मोडल्या तर परमिट निलंबित होऊ शकतं, रद्दही होऊ शकतं. गावातले एक-दोन तरुण तिथेच उसळले: करा तक्रार, काढा त्याचं परमिट! दादाने वही मिटली. परमिट गेलं तर सकाळची गाडीही जाईल, आणि रिकाम्या मार्गावर दुसरा कोणी धावत येणार नाही. आधी मालकाशी बोलू, म्हणाला.

मालक खाजगी, आमच्याच तालुक्यातला. त्याच्याकडे दोन गाड्या. जाताना मी रागाने भरलेली होते. त्याने आम्हाला व्हरांड्यात बसवलं, सरबत दिलं, आणि आमच्या वहीसमोर आपली वही ठेवली. डिझेल, टायर, विमा, कर, पासिंगच्या वेळचं काम, ड्रायव्हर-कंडक्टरची रोजची हजेरी. सांजेच्या फेरीला वर येताना दहा-बारा माणसं, खाली जाताना गाडी रिकामी. "बाई, सकाळची फेरी कमावते आणि सांजेची खाते," तो म्हणाला. "मी एकटा किती दिवस खाऊ घालू?"

मला त्याला उत्तर देता आलं नाही. परतताना दादा म्हणाला, "ह्याला माणसांमागे पैसे मिळतात. ह्याला किलोमीटरमागे मिळाले पाहिजेत." ते मला आधी कळलं नाही. नंतर कळलं तेव्हा सगळी मागणीच बदलली. डोक्यावर पैसे मिळत असतील तर मालक डोकी असतील तिथेच गाडी नेणार, जिथे गर्दी आहे तिथे चार गाड्या एकमेकींच्या पुढे धावणार आणि आमच्यासारख्या वाटा ओस पडणार. पणजी-मडगाव शटलला खिडकीवर तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं, गाडी भरली की सुटते. तिथे ते चालतं, कारण पाठोपाठ माणसांचा ओघ आहे. आमच्या थांब्यावर गाडी भरायची वाट बघितली तर सकाळ होईल. अलीकडच्या 'म्हजी बस' योजनेत खाजगी गाड्या कदंबच्या छत्राखाली घेऊन मालकाला किलोमीटरच्या हिशेबाने मोबदला द्यायचा, हेच तत्त्व आहे. आम्ही मागितलं ते एवढंच: हे तत्त्व शेवटच्या वाड्यापर्यंत आणा, आणि संध्याकाळची फेरी त्यातून गाळू नका.

मग येतो तो 'तोटा' हा शब्द. एका कार्यालयात (नाव लिहीत नाही, तिथला कारकून बिचारा सौजन्याने बोलला) आम्हाला सांगितलं गेलं की असे मार्ग तोट्यात असतात. मी परतीच्या वाटेवर पणजीत बसच्या खिडकीतून मांडवीवरचा अटल सेतू बघत होते. २७ जानेवारी २०१९ ला त्याचं उद्घाटन झालं. पाच किलोमीटरचा पूल. त्यावर टोल नाही, त्यावरून दुचाकीला जायची परवानगीही नाही. तो पूल तोट्यात आहे असं कोणी कधी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही, आणि म्हणूही नये. पूल लागतो म्हणून बांधला. नदीवरच्या फेरीबोटीत पायी जाणाऱ्याकडून आपण पैसे घेत नाही, कारण पलीकडे जाणं ही माणसाची गरज आहे हे आपण कधीच मान्य केलं आहे. सांखळी ते आमचं देऊळ हे नऊ किलोमीटरही रात्री सातनंतर एक नदीच आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या घरात होती. आज नोंदलेली वाहनं त्याहून जास्त आहेत. ती सगळी वाहनं कोणी हौसेने घेतलेली नाहीत. आमच्या वहीतली कितीतरी हप्त्यावरची आहेत, आणि ती घेतली गेली ती गाडी बंद झाल्यावर. हा खर्च घराघरांतून चालला आहे. सरकारच्या कुठल्याच हिशेबात तो दिसत नाही, म्हणून बसवरचे पैसे तेवढे तोटा वाटतात.

ग्रामसभेत ठराव आला तो रविवार माझ्या लक्षात राहील. रस्ते, कचरा, बांधकामाचे परवाने यांवर दोन तास गेले, लोक उठायला लागले होते. दादा उभा राहिला आणि त्याने पाचवा रकाना वाचायला सुरुवात केली. नावं गाळून. "म्हापशाची भाजी, चार वाजता अर्ध्या भावात. कॉम्प्युटरचा वर्ग. बांबोळीचा डॉक्टर. तालीम." उठलेले बसले. मागच्या खुर्चीवरून एकाने विचारलं, आता प्रत्येकाच्या दारात गाडी आहे, बस कोणाला पाहिजे? तेवढ्यात त्याचीच आई, जी एरवी सभेत तोंड उघडत नाही, म्हणाली, "म्हाका जाय." मला पाहिजे. ठराव एकमताने झाला.

त्यानंतरचे महिने सांगण्यासारखे नाहीत. अर्ज पुढे पाठवला आहे. साहेब बैठकीत आहेत. पुढल्या आठवड्यात या. आम्ही गेलो, पुन्हा गेलो. योजनेतला निर्णय अजूनही लागलेला नाही. मधल्या काळात कोणी तरी म्हणालं, वर्गणी काढू, मालकाला डिझेलला देऊ. दादा चिडला. देवाच्या उत्सवाला वर्गणी काढतो, गाडीला काढणार नाही. आज आपण डिझेल भरलं की उद्या सरकार म्हणेल, तुमचं भागतंय ना? शेवटी मधला मार्ग निघाला. सव्वीस जणांनी मालकाकडून महिन्याचे पास आगाऊ घेतले आणि त्याने तीन महिने सांजेची फेरी चालवून बघायचं कबूल केलं. दादाला हेही पुरतं पटलेलं नाही. मलाही नाही. पण व्यापारी टोपलीभोवती घुटमळत होता, आणि चवथ जवळ आली होती.

पहिल्या संध्याकाळी मी सांखळीहूनच गाडीत होते. डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती, स्कूटर घरी दुरुस्त उभी होती, तरी. चौदा माणसं. भाजीवाल्या बाई दारापाशी, टोपली पायांत, रिकामी. कंडक्टर नवा पोरगा, सवयीने ओरडला, "फुडें वच, फुडें वच," आणि पुढे जागाच जागा बघून गप्प झाला. प्रत्येक वाड्यावर लोक ओसरीवर येऊन उभे होते.

गाडी देवळापाशी पोचली आणि थांबली. वळायची जागाच नव्हती. गेल्या दोन वर्षांत त्या मोकळ्या जागेत मोटारी लावायची सवय पडली होती, पाच उभ्या होत्या, त्यांतल्या चार ठरावावर सही करणाऱ्यांच्या. ड्रायव्हरने मागे-पुढे करून बघितलं, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. दादा घरातून टॉर्च घेऊन आला. एकेका दारात हाका मारल्या गेल्या, किल्ल्या सापडेनात, कोणाची पोरं धावली. ग्रामसभेत मागच्या खुर्चीवर बसलेला तो तरुण हातातला घास टाकून आला, त्याची मोटार सगळ्यात आत अडकली होती. ती त्याने काढली आणि थेट आपल्या अंगणात, तुळशीच्या कडेला नेऊन लावली.

मग ड्रायव्हरने गाडी चालू केली. एका दमात वळली. मी खाली उतरून घराकडे चालत होते, आणि ती माझ्या बाजूने गेली तेव्हा तिचे दिवे आमच्या भिंतीवरून सरकले. वहिनी वही घेऊन दारात उभी होती. "किती उतरले?" तिने विचारलं.